तुळशीच्या मंजिरीवर कोण येतं? कीटकांचे जवळून फोटो काढताना एवढं पाहा

पाऊस ओसरला की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फुलांचे फोटो सुरू होतात. चोर्ला घाटातली रानफुलं, सह्याद्रीच्या उतारावरची पिवळी सोनकी, कुणाच्या परसातली झेंडूची रांग. त्यातल्या बऱ्याच फोटोंत फुलावर एखादा कीटक बसलेला असतो आणि खाली ओळ असते, 'मध गोळा करताना मधमाशी'. फोटो बोटांनी मोठा करून पाहा. अनेकदा ती मधमाशी नसतेच. दोन पंखांची, मोठाल्या डोळ्यांची एक माशी असते आणि तिच्या अंगावर मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असतात.

यात फोटो काढणाऱ्याला हसण्यासारखं काही नाही. पक्ष्यांनी आणि इतर शत्रूंनी आपल्याला डंख मारणारी समजून सोडून द्यावं, म्हणूनच या माशीला तो वेश मिळाला आहे. पक्षी फसतो, तसे आपणही फसतो. पण आज हातातल्या मोबाईलमुळे आपल्याला एक सोय झाली आहे. डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत थांबतं आणि सावकाश बघता येतं. अट एकच, फोटो ओळख पटण्याइतका स्पष्ट हवा. तो कसा काढायचा आणि त्याचा घरात, शेतात उपयोग काय, हे या लेखात पाहू.

सुरुवात तुळशीपासून करा

फुलावरच्या कीटकांसाठी जंगलात जायची गरज नाही. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या अंगणात तुळस आहेच. बडोदा, इंदूर, हैदराबादच्या मराठी घरांतही गॅलरीत का होईना, तुळशीची कुंडी असते. तुळशीचं एकेक फूल जेमतेम काही मिलिमीटरचं, पांढरट-जांभळं. आपलं तिकडे लक्षही जात नाही. पण कीटकांसाठी मंजिरी म्हणजे भरलेलं ताट.

आपल्याकडे मंजिरी आल्या की त्या खुडतात. बी धरलं की झाड लवकर संपतं, म्हणून ही पद्धत योग्यच आहे. फक्त सगळ्या खुडू नका. चार-पाच मंजिऱ्या ठेवा आणि ऊन अंगणात उतरलं की, साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान, पंधरा मिनिटं तिथे शांत बसा. मोबाईल खिशातच राहू द्या. आधी नुसतं बघा. कोण येतं, किती वेळ थांबतं, खालच्या फुलापासून वर जातं की कुठूनही सुरू करतं. पंधरा मिनिटांत दोन-तीन वेगवेगळे पाहुणे दिसले तर नवल वाटायला नको.

आधी पंख मोजा

ओळखीचा पहिला धडा पंखांचा. मधमाशीला चार पंख असतात, पुढचे दोन मोठे आणि मागचे दोन लहान. उडताना पुढचे-मागचे पंख एकमेकांत बारीक आकड्यांनी अडकतात, म्हणून ते दोनच वाटतात. माशीला खरोखरच दोन पंख असतात. फोटोत पंख मोजता आले नाहीत तर तोंडाकडे बघा. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरातून वाकल्यासारख्या असतात. माशीच्या मिशा अगदी आखूड, दिसतील न दिसतील अशा. माशीचे डोळे मोठे, डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे. मधमाशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, लांबट.

तिसरी खूण पायांची. मधमाशीच्या मागच्या पायावर पराग साठवायची चपटी जागा असते. तिथे पिवळा किंवा नारिंगी गोळा चिकटलेला दिसला तर ती कामकरी मधमाशीच. पान कापणारी एकांडी माशी मात्र पराग पायावर नाही, पोटाखालच्या केसांत वाहते. तिचं पोट खालून पिवळं दिसतं. फोटो बाजूने काढला असेल तरच हे कळतं, वरून काढलेल्या फोटोत नाही.

आता ती वेश घेतलेली माशी. शेतकऱ्यांच्या भाषेत तिला सिरफिड माशी म्हणतात. हवेत एका जागी तरंगते आणि एकदम बाजूला सरकते. ती स्वतः फुलांवर जगते, पण तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. म्हणजे जिला आपण चुकून मधमाशी म्हटलं, ती परागीभवन करते आणि वर तिची पिल्लं आपल्या पिकावरचा मावाही संपवतात. माशी म्हणून तिला हाकलण्यात आपलाच तोटा.

मधमाशी एक नाही, चार

मधमाशी आहे हे ठरलं, तरी प्रश्न संपत नाही. आपल्या भागात मध साठवणाऱ्या चार देशी माश्या नेहमी दिसतात आणि आकारावरूनच त्या बऱ्याचशा ओळखू येतात.

सर्वांत मोठी आग्या. लांबी १७ ते २० मिलिमीटर. उंच झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा मोठ्या इमारतीच्या सज्जाला एकच भलंमोठं उघडं पोळं करते. कानडीत तिला हेज्जेनू म्हणतात.

दुसरी सातेरी, साधारण १० ते ११ मिलिमीटर. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. सह्याद्रीच्या पट्ट्यात पेटीत पाळतात ती हीच. कानडी शेजाऱ्यांची तुडुवे.

तिसरी फुलोरी, ७ ते १० मिलिमीटर. झुडपाच्या एखाद्या फांदीभोवती हाताच्या पंजाएवढं एकच उघडं पोळं. पोटाचा पुढचा भाग तांबूस आणि मागे काळे-पांढरे पट्टे. शहरातल्या तुळशीवर ही फार वेळा भेटते. कानडीत कोलजेनू.

चौथी डंख नसलेली, काळसर, जेमतेम चार मिलिमीटरची ट्रायगोना. भिंतीच्या भेगेत, जुन्या दाराच्या चौकटीत घर करते आणि तोंडाशी मेणाची छोटी नळी काढते. मुंगीला पंख फुटलेत असं समजून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

शिवाय पुष्कळ ठिकाणी पेट्यांमधून आणलेली युरोपियन मेलिफेरा आहे. ती सातेरीपेक्षा थोडी मोठी असते. या दोघींत फोटोवरून घोळ होऊ शकतो, म्हणून शेजारी काही माप असलेलं बरं. तुळशीच्या फुलाचा आकार कायम तेवढाच असतो, तेच आपलं माप.

मध न साठवणाऱ्या माश्या तर याहून कितीतरी जास्त आहेत. तुळशीवर निळसर पट्ट्यांची एक गुबगुबीत माशी येते. लांब जीभ बाहेर काढूनच फुलापाशी पोचते आणि क्षणात दुसरीकडे जाते. तिचा आणि काळ्या भुंग्याचा एक गुण मधमाशीतही नाही. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग मिठाच्या डबीत मीठ असावं तसे नळीत बंद असतात. टोकाच्या बारीक छिद्रातून ते झाडून काढावे लागतात. निळी माशी आणि भुंगा फूल घट्ट धरतात आणि अंगाचे स्नायू थरथरवतात. आवाजही वेगळा, चढा येतो. त्या हादऱ्याने पराग बाहेर पडतात. मधमाशीला हे जमत नाही. वांग्याच्या ताटव्यात मधमाश्या दिसत नाहीत म्हणून चिंता करण्याआधी भुंगे आहेत का ते बघा.

जवळ गेलं की फोटो पुसट का येतो?

आता फोटोकडे वळू. कॅमेरा जितका जवळ नेता तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. हे कॅमेऱ्याचं वैगुण्य नाही, भिंगाचा नियमच तसा आहे. मॅक्रो लेन्सने कीटक सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटवला, म्हणजे एकास एक प्रमाण, तर फुलफ्रेम कॅमेऱ्यात एफ/८ ला साधारण एक मिलिमीटर जाडीचाच थर स्पष्ट येतो. एफ/१६ केलं तर दोन मिलिमीटरच्या आसपास. फुलोरीची लांबी आठ मिलिमीटर धरली, तर तिचा डोळा स्पष्ट आला की मागचा पाय धूसर होणारच.

मग छिद्र आणखी लहान करत जावं का? तिथेही मर्यादा आहे. फार लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ होतो. म्हणून अनुभवी लोक साधारण एफ/८ ते एफ/११ वर थांबतात आणि दुसरी युक्ती करतात. कीटकाचं अंग कॅमेऱ्याला समांतर येईल अशी जागा घेतात. माशी बाजूने दिसतेय आणि कॅमेरा तिच्या अंगाला सरळ समोरून धरलाय, तर डोळा, पंख आणि पाय एकाच पातळ थरात येतात. एवढ्या एका सवयीने फोटो निम्मा सुधारतो. समांतर जमत नसेल तर डोळ्यावर फोकस ठेवा. डोळा स्पष्ट असला की बाकी धूसर चालतं.

मोबाईलमध्ये सेन्सर लहान असल्यामुळे हा थर तुलनेने जाड मिळतो. जवळच्या फोटोसाठी मोबाईल अगदीच कमी पडतो असं नाही, ते यामुळेच.

मोबाईलवर काय करायचं

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे मोबाईल फुलाला टेकवायला जाणं. प्रत्येक फोनच्या कॅमेऱ्याला एक किमान अंतर असतं. त्याहून जवळ गेलं की फोकस बसतच नाही. नव्या फोनमध्ये तर मुख्य कॅमेरा आपोआप बंद होऊन बाजूचा रुंद कॅमेरा चालू होतो आणि आपल्याला कळतही नाही.

- वीस-पंचवीस सेंटिमीटरवर थांबा आणि दोन किंवा तीन पट झूम करा. कीटक बिचकत नाही, तुमची सावली पडत नाही आणि फोकसही बसतो.
- फोनवर 'मॅक्रो' लिहिलेला वेगळा कॅमेरा असेल तर तोच वापरला पाहिजे असं नाही. स्वस्त फोनमध्ये तो फारच कमी पिक्सेलचा असतो. मुख्य कॅमेऱ्याने काढून नंतर कापलेला फोटो अनेकदा सरस येतो. दोन्हीने एकेक काढून पाहा.
- पडद्यावर कीटकाच्या डोक्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस तिथे अडकतो. मग उजेड थोडा कमी करा. पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे रंग त्यामुळे करपत नाहीत.
- एकच फोटो काढून थांबू नका. बटण दाबून धरून दहा-पंधरा काढा. त्यातला एखादा नेमका येतो, बाकीचे त्याच दिवशी पुसून टाका.
- वाऱ्यात फूल हलतं. दोन झुळकांच्या मधली उसंत पकडा. कुंडी असेल तर शेजारी काठी रोवून कपड्याच्या चिमट्याने देठ हलकेच धरता येतो.
- क्लिपवर लावायचं छोटं भिंग मिळतं, त्याने कीटक बराच मोठा दिसतो. पण त्यासाठी फुलापासून दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं. आधी सुरवंट, ढेकण्या, मुंगी अशा सावकाश चालणाऱ्यांवर हात बसवा, मग माश्यांकडे या.

कॅमेरा असेल तर

मॅक्रो लेन्स महाग असते, पण तिच्याशिवायही वाटा आहेत. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी मिळते. तिच्यात काच नसते, ती लेन्सला फक्त पुढे सरकवते. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे एकूण ५० मिलिमीटरच्या नळ्या लावल्या की प्रमाण जवळपास एकास एक होतं. दुसरी वाट म्हणजे लेन्सच्या तोंडाला स्क्रूने बसणारं जादा भिंग. तिसरी जुनी युक्ती म्हणजे लेन्स उलटी बसवणं. त्यासाठी साधी रिंग लागते, मात्र छिद्र आणि फोकस हाताने सांभाळावे लागतात.

दिवसाच्या उजेडात १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद वेग ठेवा. मधमाशी सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा पंख हलवते, तेव्हा उडत्या माशीचे पंख त्यातही पुसट येतील. येऊ द्या, उडणं तसंच दिसतं. फ्लॅश वापरायचा तर त्याच्यापुढे पातळ पांढरा कागद किंवा दुधाळ प्लास्टिक धरा. उघड्या फ्लॅशने माशीच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग उमटतो आणि नेमकी ओळखीची खूण त्याखाली जाते.

कधी जायचं, कसं जायचं

कीटकांचं अंग बाहेरच्या हवेबरोबर तापतं आणि थंड होतं. थंडीच्या दिवसांत पहाटे फुलपाखरं, चतुर आणि पुष्कळ माश्या पंख हलवण्याइतक्याही गरम झालेल्या नसतात. दव वाळायच्या आत गेलात तर त्या जागच्या हलत नाहीत. ती निळ्या पट्ट्यांची माशीही संध्याकाळी सोपी. तिचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने धरून लटकतात आणि तसेच झोपतात. एकाच काडीवर चार-पाच ओळीने. दिवसा क्षणभर न थांबणारी माशी तेव्हा शांतपणे फोटो देते. टॉर्च तोंडावर मारू नका, काडीला हात लावू नका, दोन-चार फोटो काढून मागे या.

दिवसा कीटकाच्या मागे धावण्यात अर्थ नाही. एक फूल निवडा आणि तिथे थांबा. एका फेरीत माशी बहुतेक एकाच जातीच्या फुलांवर फिरते, तेव्हा ती पुन्हा येणार. सूर्य पाठीशी असला तरी आपली सावली फुलावर पडू देऊ नका. अंधारलं की कीटक उडालाच. हात वरून नेण्यापेक्षा खालून, फुलाच्या उंचीवर आणा.

आणि एखादी माशी फुलावर फारच शहाण्यासारखी निश्चल बसली असेल, तर खुश होण्याआधी तिच्या पोटाखाली बघा. पाकळ्यांच्या रंगाचा, खेकड्यासारखा पाय फाकवून बसलेला कोळी तिला धरून असण्याची शक्यता आहे. हा कोळी जाळं विणत नाही, फुलावरच दबा धरतो. त्याच्या काही जाती पांढऱ्या फुलावर पांढऱ्या आणि पिवळ्यावर पिवळ्या होतात. असे कितीतरी कोळी घरी येऊन फोटो मोठा केल्यावरच सापडतात.

सुंदर फोटोसाठी हे करू नका

डोळ्यांच्या जाळीपासून केसापर्यंत सगळं स्पष्ट असलेले कीटकांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते बहुधा अनेक फोटो एकावर एक बसवून केलेले असतात. प्रत्येक फोटोत फोकस केसभर पुढे सरकवलेला असतो आणि संगणक त्यांतले स्पष्ट भाग जोडतो. त्यासाठी कीटक अजिबात हलून चालत नाही. म्हणून त्यातले पुष्कळ फोटो मेलेल्या नमुन्यांचे असतात. संग्रहालयातल्या नमुन्याचा फोटो काढण्यात गैर काहीच नाही, फक्त तसं सांगितलेलं असावं. पण तसा फोटो हवा म्हणून जिवंत कीटक फ्रिजमध्ये ठेवणं, पंखाला गोंद लावणं, पाण्याचे फवारे मारून 'दवबिंदू' तयार करणं, हे करायचं नाही. असा कीटक पुन्हा फुलावर परतेलच असं नाही. आणि त्या फोटोतून तो फुलावर काय करत होता, हेही कळत नाही.

दुसरा मुद्दा पायांखालचा. साताऱ्याचं कास पठार पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. तेव्हापासून फुलांच्या हंगामात तिथे किती गर्दी होते, ते सगळ्यांना माहीत आहे. कोकण-गोव्याच्या सड्यांवरही आता तेच सुरू झालं आहे. कातळावर बोटभर मातीत ही फुलं उगवतात. एका फोटोसाठी गुडघे टेकले की शे-दोनशे रोपं चिरडतात. पायवाटेवरूनच फोटो काढा. वाटेच्या कडेलाही तीच फुलं असतात.

भीमगड, म्हादई, राधानगरी अशा अभयारण्यांत जायचं असेल तर फोटोग्राफीसाठी वनखात्याची परवानगी लागते. कीटक पकडून घरी आणणं तर नकोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनेक फुलपाखरांनाही संरक्षण आहे.

आणि एक जिवाची गोष्ट. फुलावर एकटी आलेली आग्या सहसा अंगावर येत नाही. तिच्या पोळ्याजवळ मात्र कॅमेरा घेऊन जाऊ नका. फ्लॅश, धूर, उग्र अत्तर, खालून दगड, काहीही निमित्त पुरतं आणि मग हजारो माश्या एकदम सुटतात. डंख लागल्यावर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठा.

फोटोची नोंद कशी होते

फोटो मोबाईलमध्ये पडून राहिला तर तो फक्त आठवण. त्याला तारीख, ठिकाण आणि फुलाचं नाव जोडलं की ती नोंद होते. कीटकाचे शक्यतो तीन फोटो काढा: बाजूने, वरून आणि समोरून. चौथा फोटो पूर्ण झाडाचा, पानांसकट. कीटक कुठल्या फुलावर होता हे नंतर आठवत नाही आणि तीच माहिती सर्वांत मोलाची असते.

असे फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात. तिथे जाणकार माणसं ओळख सुचवतात. नाव माहीत नसलं तरी 'माशी' किंवा 'मधमाशी' एवढं लिहून टाकलं तरी चालतं. कुणी चूक दुरुस्त केली तर वाईट वाटून घेऊ नका, शिकायची तीच जागा आहे. घरच्या अंगणातला फोटो असेल तर नेमका पत्ता उघड न करता ठिकाण ढोबळ दाखवायची सोयही आयनॅचरलिस्टवर आहे.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय

आता मुख्य मुद्दा. आंब्याला मोहोर येतो, काजू फुलतो आणि तेव्हाच तुडतुडे आणि ढेकण्याही येतात. फवारणीचा पंप बाहेर निघतो. मोहोरावर जे काही बसलंय ती कीडच, असा आपला सरसकट समज असतो. प्रत्यक्षात आंब्याच्या एकाच मोहोरात काही फुलं फक्त नर आणि काही नर-मादी दोन्ही असतात. पराग एकीकडून दुसरीकडे न्यायला कीटक लागतात. आंब्यावर हे काम मोठ्या प्रमाणात माश्या करतात, ज्यांना आपण घाणीवरच्या माश्या म्हणून झटकतो त्यासुद्धा. काजूच्या तुऱ्यातही नर आणि द्विलिंगी फुलं एकत्र असतात आणि चिकट पराग वाऱ्याने फारसे उडत नाहीत. तिथेही माश्या, मधमाश्या आणि मुंग्यांची ये-जा असते.

म्हणून पंप भरण्याआधी एक साधं काम करा. बागेत चार ठिकाणी एकेक फुललेली फांदी निवडा. प्रत्येकीपाशी दहा मिनिटं उभे राहा, आलेल्या प्रत्येक कीटकाचा फोटो काढा आणि कागदावर रेघ ओढा. घरी येऊन फोटो मोठे करा. रस शोषणारे किती, फुलावर फिरणारे किती, मावा खाणारे किती, याचा हिशेब तुमच्यासमोर येईल. हेच फोटो कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विद्यापीठाच्या माणसाला दाखवले तर 'झाडावर काहीतरी पडलंय' या वर्णनापेक्षा नेमका सल्ला मिळतो. कदाचित फवारणी लागेलच. पण ती कशावर आणि किती, हे बघून ठरेल.

फवारणी करायचीच तर मधमाश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी करा, असं सांगतात आणि ते बरोबर आहे. पण इथेही फुलाची वेळ बघावी लागते. काकडी, भोपळा सकाळी फुलतात. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि दुधीचंही. त्यांच्यावर पतंग अंधारात येतात. या वेलींना नर आणि मादी फुलं वेगवेगळी असल्यामुळे कीटक आले नाहीत तर फळ धरत नाही. दोडक्यावर सातला फवारलं तर मधमाशी वाचेल, पण दोडक्याचा पाहुणा मरेल. कोण केव्हा येतं हे प्रत्येक पिकाचं वेगळं असतं. कुठल्याही बाटलीवरच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसतं. आपल्या शेतात उभं राहूनच कळतं.

सूर्यफूल, तूर, वांगी, मोहरी, प्रत्येक पिकावर हा दहा मिनिटांचा हिशेब करता येतो. दरवर्षी त्याच फांद्यांवर, त्याच दिवसांत केलात तर पाहुणे वाढतायत की घटतायत, तेही दिसेल. 'पूर्वी भुंगे खूप असायचे' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. पूर्वी किती होते हे कुणी मोजलं नव्हतं, म्हणून ते वाक्य तिथेच थांबतं. पुढच्या पिढीला निदान आपला आकडा आणि आपले फोटो मिळतील.

तेव्हा उद्या सकाळी तुळशीला पाणी घालताना मंजिरी खुडायच्या आधी जरा थांबा. कोण बसलंय ते बघा, फोटो काढा, पंख मोजा. आणि ग्रुपवर टाकताना 'मधमाशी' लिहिण्याआधी एकदा मोठा करून पाहा.